निर्वात पोकळीत संगणक थंड कसा ठेवतात?

आमच्या संस्थेच्या अभ्यासिकेत रविवारी सकाळी बुद्धवंदना झाल्यावर विद्यार्थ्यांसोबत वर्तमानपत्राचे सामूहिक वाचन होते. एका रविवारी अशी बातमी वाचण्यात आली की, अमेरिकेतील काही कंपन्या आपले मोठमोठे संगणक पृथ्वीवर न ठेवता अवकाशात नेऊन ठेवण्याच्या खटपटीत आहेत. एका मुलाने विचारले, "तिथे ते तापणार नाहीत का?" वडीलधारा या नात्याने मी लगेच उत्तर देऊन मोकळा झालो, "अरे, अवकाशात उणे दोनशे सत्तर अंश थंडी असते. तिथे एसी कशाला लागतो?" मुलांना ते पटले. खरे सांगायचे तर मलाही पटले होते. तेवढ्यात मागे बसलेली नववीतली एक मुलगी चाचरत म्हणाली, "पण काका, अवकाशात हवा नसते ना? थर्मासच्या भिंतीतही हवा नसते. मग थर्मासमधला चहा गरम कसा राहतो?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. "शोधून सांगतो," एवढेच म्हणालो.

मी शाळेत असताना विज्ञानाच्या तासाला असाच एक प्रश्न विचारला होता. "तुला काय करायचंय ते, खाली बस," असे उत्तर मिळाले आणि वर्ग हसला. त्यानंतर त्या तासाला मी कधी हात वर केला नाही. पुढे कला शाखेची पदवी घेतली, बँकेत कारकून म्हणून लागलो. त्याची खंत करत बसण्याचे आता वय नाही. परंतु त्या मुलीचा हात पुन्हा खाली जाऊ नये एवढे तरी माझ्या हातात होते. म्हणून काही आठवडे पुस्तके चाळली, जाणकारांना विचारले, कागदावर आकडेमोड केली. प्रस्तुत लेख म्हणजे त्या मुलीला द्यायचे राहिलेले उत्तर आहे.

संगणक तापतो कशामुळे?

पंखा विजेवर चालतो, पण त्या विजेचे वारा फिरवण्याचे काम आपल्याला दिसते. संगणक विजेवर चालतो, पण तो काही उचलत नाही की हलवत नाही. मग त्याने घेतलेली वीज जाते कुठे? उत्तर सोपे आहे. ती जवळजवळ सगळी उष्णतेत रूपांतरित होते.

संगणकाच्या चिपमध्ये ट्रान्झिस्टर नावाचे कोट्यवधी सूक्ष्म विद्युत स्विच असतात. ते सेकंदाला अब्जावधी वेळा चालू-बंद होतात. प्रत्येक वेळी थोडा विद्युतभार आत जातो, बाहेर येतो आणि मार्गातील अडथळ्यामुळे थोडी उष्णता निर्माण होते. एका स्विचची उष्णता नगण्य असली तरी सगळ्यांची मिळून मोठी होते. साध्या टेबलावरच्या संगणकाची मुख्य चिप ६५ वॅट वीज घेत असेल तर ती ६५ वॅटची एक लहानशी शेगडीच समजावी. फरक एवढाच की शेगडी तापावी अशी आपली इच्छा असते आणि चिप शंभर अंशांच्या आसपास पोहोचली की तिचे काम बिघडू लागते.

बँकेच्या शाखेत यंत्रे ठेवलेल्या खोलीचा एसी बंद पडला की आमची काय तारांबळ उडते ते मी अनेकदा अनुभवले आहे. खिडकी उघडा, टेबलफॅन लावा, दार सताड उघडे ठेवा, अशी धावपळ चालते. या सर्व उपायांमागे एकच गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे हवा. हवाच नसेल तर यातला एकही उपाय चालणार नाही.

उष्णतेच्या तीन वाटा

उष्णता एका जागेवरून दुसऱ्या जागी तीन प्रकारे जाते, हे शालेय पुस्तकात दिलेले असते. आपण ते पाठ करतो, गुण मिळवतो आणि विसरून जातो. ते इथे नीट समजून घेऊ.

पहिली वाट वहनाची. चुलीवरच्या तव्याचे लोखंडी कान हाताला चटका देतात. ज्वाळा तव्याच्या मध्यभागी असते, पण धातूच्या कणाकणातून उष्णता कडेपर्यंत पोहोचते. या वाटेला एकमेकांना टेकलेला पदार्थ लागतो.

दुसरी वाट अभिसरणाची. पातेल्यातले तळाचे पाणी तापून वर येते व वरचे थंड पाणी खाली जाते. हवेचेही तसेच. चिपवरील उष्णता आधी धातूच्या पात्यांमध्ये वहनाने जाते, मग पंखा त्या पात्यांवरून हवा ढकलतो आणि ती हवा उष्णता घेऊन निघून जाते. या वाटेला वाहणारा द्रव किंवा वायू लागतो.

तिसरी वाट प्रारणाची. शेकोटीपुढे बसलो की समोरची बाजू भाजते आणि पाठ गार राहते. ही उष्णता हवेतून हळूहळू सरकत आलेली नसते. ती अदृश्य अवरक्त किरणांच्या रूपाने थेट आलेली असते. सूर्याची उष्णता सुमारे १५ कोटी किलोमीटरची निर्वात पोकळी ओलांडून येते ती याच वाटेने. प्रारणाला मध्ये कोणताही पदार्थ लागत नाही.

निर्वात पोकळीत अभिसरणाची वाट पूर्णपणे बंद असते. वहनाची वाट यानाच्या भिंतीपर्यंतच जाते, कारण भिंतीपलीकडे टेकायला काहीच नसते. शिल्लक राहते ते केवळ प्रारण.

थर्मासचा धडा

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. थर्मासची मूळ कल्पना स्कॉटिश शास्त्रज्ञ जेम्स ड्यूअर यांनी १८९२ साली प्रत्यक्षात आणली. त्यांना अतिथंड द्रवरूप वायू साठवायचे होते. त्यांनी दुहेरी भिंतींचे पात्र केले व दोन भिंतींमधली हवा काढून टाकली. त्यामुळे त्या जागेतून वहन आणि अभिसरण थांबले. भिंतींना आरशासारखा चांदीचा मुलामा दिला की प्रारणही बरेच कमी होते. तिन्ही वाटा अडवल्या की आतले गरम ते गरम आणि थंड ते थंड राहते.

म्हणजे अवकाशात नेलेला संगणक हा थर्मासमधल्या चहासारखा असतो. त्यातही चहाची उष्णता निदान एकदाच भरलेली असते. संगणक मात्र चालू आहे तोवर आतल्या आत नवी उष्णता तयार करीतच राहतो. थर्मासमध्ये पेटती शेगडी ठेवावी असा हा प्रकार आहे.

मग माझे "उणे दोनशे सत्तर अंश" कुठे चुकले? आकडा बरोबर होता. सूर्य, पृथ्वी व तारे वगळले तर दूरच्या अवकाशाचे तापमान उणे २७० अंश सेल्सिअस धरतात. चूक होती ती माझ्या समजुतीत. थंडी ही जणू एखादी वस्तू आहे आणि ती येऊन यंत्राला बिलगते, असे मी धरून चाललो होतो. थंडी अशी वेगळी वस्तू नसते. उष्णता निघून जाते, त्या निघून जाण्यालाच आपण गार होणे म्हणतो. महाबळेश्वरच्या गारव्यात आपण कुडकुडतो, कारण तिथली हवा अंगाला लागते व अंगातली उष्णता घेऊन जाते. अवकाशात घेऊन जाणारे कोणी नाही. तिथे उष्णतेला स्वतःच किरणरूपाने बाहेर पडावे लागते.

थोडी आकडेमोड

प्रारणाने किती उष्णता जाते याचा नियम ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ जोसेफ स्टेफान यांनी १८७९ मध्ये प्रयोगांच्या आकड्यांवरून मांडला आणि १८८४ मध्ये लुडविग बोल्ट्झमान यांनी त्याला सैद्धांतिक आधार दिला. नियम असा की, बाहेर पडणारी उष्णता केल्विन तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असते. केल्विन म्हणजे सेल्सिअसमध्ये २७३ मिळवायचे. तापमान दुप्पट झाले तर प्रारण सोळा पट होते.

या नियमाने पूर्ण काळ्या अशा एक चौरस मीटर पृष्ठभागातून २७ अंश सेल्सिअसला सुमारे ४६० वॅट, ५७ अंशांना सुमारे ६७० वॅट आणि ७७ अंशांना सुमारे ८५० वॅट उष्णता बाहेर पडते. ऐकायला हे पुष्कळ वाटते. पण चिप एक चौरस मीटर कुठे असते? ती चार सेंटिमीटर लांब व चार सेंटिमीटर रुंद धरू. एवढ्याशा पृष्ठभागातून ७७ अंशांना जेमतेम १.४ वॅट उष्णता बाहेर जाईल. आत तयार होतात ६५ वॅट! उरलेली उष्णता चिपमध्येच साठत जाणार आणि तापमान चढत जाणार. केवळ त्या पृष्ठभागातून ६५ वॅट बाहेर पडायचे तर चिप सुमारे ६५० अंशांपर्यंत तापावी लागेल. अर्थात त्याच्या कितीतरी आधी ती जळून गेलेली असेल.

यावरून उपायही आपोआप सुचतो. चिप लहान आहे ना, मग तिची उष्णता मोठ्या पृष्ठभागापर्यंत न्या व तिथून बाहेर सोडा. अवकाशयानातील संगणक थंड ठेवण्याची सारी विद्या या एका वाक्यात आहे. बाकीचा तपशील म्हणजे ती उष्णता न्यायची कशी आणि सोडायची कशी एवढाच.

पहिल्या उपग्रहातील पंखा

४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत संघाने स्पुटनिक-१ हा जगातील पहिला कृत्रिम उपग्रह सोडला. त्यात संगणक नव्हता, रेडिओ प्रक्षेपक व बॅटऱ्या होत्या. पण प्रश्न तोच होता. त्यांनी उपाय असा केला की, धातूच्या त्या बंद गोळ्यात नायट्रोजन वायू भरला आणि आत एक पंखा बसवला. आतील तापमान ३६ अंशांच्या वर गेले की पंखा सुरू होई व २० अंशांच्या खाली आले की बंद पडे. पंखा आतल्या वायूला फिरवून यंत्रांची उष्णता गोळ्याच्या भिंतीपर्यंत नेई आणि भिंत ती प्रारणाने बाहेर सोडी. बाहेर हवा नाही म्हणून आपली हवा सोबत नेली, असा हा सरळ विचार होता.

अपोलो यानांच्या काळात पद्धत बदलली. चंद्रावर जाणाऱ्या मुख्य यानातील मार्गदर्शक संगणक सुमारे ५५ वॅट वीज घेई. तो ज्या धातूच्या पाटावर घट्ट बसवला होता त्या पाटाच्या आतून पाणी आणि ग्लायकॉल यांचे मिश्रण खेळवले जाई. ते उष्णता उचलून यानाच्या बाह्यांगावरील रेडिएटरकडे नेई. चंद्रावर उतरणाऱ्या लहान यानात आणखी वेगळी युक्ती होती. तिथे सच्छिद्र पट्टीतून पाणी झिरपे, पोकळीत त्याचे बर्फ होई व बर्फाची थेट वाफ होऊन ती अवकाशात जाई. जाताना उष्णता घेऊन जाई. माठातले पाणी गार होते त्याच्याशी याचे जवळचे नाते आहे. मात्र पाणी संपले की हा उपायही संपतो, म्हणून तो थोड्या दिवसांच्या प्रवासालाच चालतो.

एप्रिल १९७० मध्ये अपोलो-१३ यानात स्फोट झाला आणि वीज वाचवण्यासाठी मुख्य यानातील संगणकासह बहुतेक यंत्रे बंद करावी लागली. तेव्हा त्या कक्षातील तापमान दिवसागणिक उतरत तीन-चार अंशांवर आले. यंत्रे चालू असताना जी उष्णता डोईजड होती तीच बंद झाल्यावर हवीहवीशी झाली. किती उष्णता येते आणि किती जाते या दोहोंच्या मेळावर तापमान ठरते, हे या प्रसंगातून दिसते. बँकेच्या भाषेत सांगायचे तर जमा आणि नावे यांचा तो ताळेबंद आहे.

ऊन हा दुसरा शत्रू

या ताळेबंदाच्या जमेच्या बाजूला आणखी एक मोठी रक्कम असते, ती म्हणजे सूर्याचे ऊन. पृथ्वीजवळच्या अवकाशात सूर्याकडे तोंड केलेल्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे १३६१ वॅट पडतात. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाच्या परिसरात उन्हातली बाजू १२१ अंशांपर्यंत तापू शकते, तर सावलीतली बाजू उणे १५७ अंशांपर्यंत उतरू शकते.

१४ मे १९७३ रोजी अमेरिकेने स्कायलॅब ही प्रयोगशाळा अवकाशात पाठवली. उड्डाणानंतर मिनिटभरातच तिचे बाहेरचे संरक्षक कवच उखडून गेले. तेच कवच तिला उन्हापासूनही वाचवणार होते. आतील तापमान पन्नास अंशांच्या वर गेले. २५ मे रोजी तीन अंतराळवीर निघाले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी एका झडपेतून घडी केलेले छत्रीवजा कापड बाहेर काढून उघडले. सावली पडली व तापमान हळूहळू राहण्याजोगे झाले. कोट्यवधी डॉलरची प्रयोगशाळा एका छत्रीने वाचवली!

आपल्या देशाचा अनुभवही याच जातीचा आहे. २२ ऑक्टोबर २००८ रोजी चांद्रयान-१ निघाले. नोव्हेंबरमध्ये ते चंद्रापासून १०० किलोमीटर उंचीवर फिरू लागले, तेव्हा यानातील तापमान अपेक्षेपेक्षा अधिक चढून ५० अंशांच्या घरात गेले. वरून सूर्याचे ऊन होते आणि खालून तापलेल्या चंद्राच्या पृष्ठभागाची धग लागत होती. इस्रोच्या शास्त्रज्ञांनी काही उपकरणे आळीपाळीने बंद ठेवली व यान सुमारे २० अंशांनी वळवले, म्हणजे त्याची कमी तापणारी बाजू सूर्याकडे आली. मे २००९ मध्ये यानाची कक्षा २०० किलोमीटरपर्यंत वाढवण्यात आली. २९ ऑगस्ट २००९ रोजी यानाशी संपर्क तुटला. पण तोवर चंद्रावरील पाण्याच्या अंशाचा ठसठशीत पुरावा देणारी निरीक्षणे त्याने मिळवून दिली होती. ज्यांनी यान बांधले त्यांचाही अंदाज काही अंशी चुकतो; ते आकडे पाहतात, कारण शोधतात आणि उपाय करतात. त्यात कमीपणा मानत नाहीत.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये चांद्रयान-३ च्या विक्रम या उतरलेल्या यानाने चंद्राच्या मातीत तापमापक खुपसला. वर पन्नास अंशांच्या पुढे तापमान असताना अवघ्या ८ सेंटिमीटर खोलीवर ते उणे १० अंशांच्या आसपास होते. मातीच्या कणांमध्येही हवा नाही, म्हणून वीतभर मातीतूनसुद्धा उष्णता धड पुढे सरकत नाही. निर्वात पोकळी उष्णतेला किती अडवते याचा यापेक्षा बोलका पुरावा दुसरा कोणता?

अवकाश स्थानकातील व्यवस्था

पृथ्वीपासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर फिरणाऱ्या आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात माणसे राहतात, त्यामुळे आत हवा असते. तिथे अंतराळवीर साधे लॅपटॉपही वापरतात. परंतु तिथेही एक गंमत आहे. पृथ्वीवर गरम हवा हलकी होऊन आपोआप वर जाते. स्थानकात वस्तूंना वजन जाणवत नाही. तिथे 'वर' कुठे आणि 'हलके' म्हणजे काय? गरम हवा यंत्राभोवतीच घुटमळत राहते. म्हणून पंखे अखंड चालू ठेवावे लागतात.

आतली उष्णता पाण्याच्या नळ्यांनी गोळा केली जाते. ती भिंतीपाशी बाहेरच्या अमोनियाच्या नळ्यांना दिली जाते. बाहेर पाणी चालणार नाही, कारण ते शून्य अंशाला गोठते व नळ्या फुटतात. अमोनिया उणे ७७ अंशांपर्यंत द्रवरूप राहतो. उलट आत अमोनिया चालणार नाही, कारण तो विषारी आहे. म्हणून दोन वेगळी चक्रे. अमोनिया ही उष्णता मोठमोठ्या पांढऱ्या रेडिएटरांपर्यंत नेतो आणि तिथून ती अंधाऱ्या अवकाशात सुटते. या बाहेरील मुख्य व्यवस्थेची क्षमता ७० किलोवॅटपर्यंत आहे. रेडिएटर अशा रीतीने फिरवत ठेवतात की सूर्याकडे त्यांची केवळ कड राहावी.

३१ जुलै २०१० रोजी दोन अमोनिया चक्रांपैकी एकाचा पंप बंद पडला. अंतराळवीरांना ऑगस्टमध्ये तीन वेळा स्थानकाबाहेर जाऊन तो बदलावा लागला. ११ डिसेंबर २०१३ रोजी एका पंपातील झडप बिघडली, अनेक उपकरणे बंद ठेवावी लागली आणि २१ व २४ डिसेंबरला बाहेर जाऊन पंप बदलण्यात आला. आपल्याकडे एसीचा मेकॅनिक फोन केल्यावर येतो. तिथे मेकॅनिकलाच अंतराळवीराचा पोशाख चढवावा लागतो.

ऑगस्ट २०१७ मध्ये हेवलेट पॅकार्ड एंटरप्राइझ या कंपनीचा एक शक्तिशाली संगणक स्थानकावर नेण्यात आला. तो थंड ठेवण्यासाठी स्थानकाच्या पाण्याच्या व्यवस्थेचाच उपयोग केला गेला. २०१९ मध्ये तो परत आणला गेला.

मानवरहित यानांतील उपाय

उपग्रहांत पाण्याचे पंप बहुधा नसतात. तिथे संगणकाच्या पाट्या धातूच्या चौकटीत घट्ट आवळून बसवतात, म्हणजे वहनाची वाट तुटत नाही. दोन पत्र्यांत केसाएवढी फट राहिली तरी तिथे पोकळी येते आणि उष्णता अडते, म्हणून मध्ये मऊ उष्णतावाहक थर घालतात. लांबवर उष्णता नेण्यासाठी बंद नळ्या असतात. त्यात बहुधा अमोनिया असतो. गरम टोकाला त्याची वाफ होते, ती थंड टोकाला जाऊन पुन्हा द्रव होते व नळीच्या आतील बारीक खाचांतून परत येते. त्याला पंप लागत नाही, वीज लागत नाही. याच तत्त्वावरची तांब्याची नळी आज अनेक लॅपटॉपमध्येही असते.

ही उष्णता ज्या पृष्ठभागातून सोडायची तिथे आरशासारख्या काचेच्या पट्ट्या किंवा विशेष पांढरा रंग लावतात. ते सूर्याचे ऊन परतवतात, पण स्वतःची अवरक्त किरणे मात्र सढळ हाताने बाहेर टाकतात. बाकीच्या अंगावर जी सोनेरी चमकदार आवरणे दिसतात ती यानाची गोधडी होय. पातळ पापुद्र्यांचे अनेक थर एकावर एक असतात आणि ते थर्मासच्या मुलाम्याचे काम करतात.

आपल्या घरचा संगणक जसाच्या तसा पोकळीत ठेवला तर? पंखा गरगर फिरेल, पण ढकलायला हवाच नसल्याने फिरणे व्यर्थ. जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क हवाबंद नसेल तर बिघडेल, कारण तिची वाचक सुई हवेच्या अतिसूक्ष्म गादीवर तरंगत असते. म्हणूनच अवकाशात जाणारे प्रत्येक यंत्र आधी जमिनीवरील मोठ्या निर्वात कोठीत ठेवून, आलटून पालटून तापवून व गारठवून तपासतात. इस्रोच्या बेंगळुरू येथील उपग्रह केंद्रात अशा कोठ्या आहेत.

बातमीतील संगणक

आता ज्या बातमीपासून सुरुवात झाली तिच्याकडे वळू. २ नोव्हेंबर २०२५ रोजी स्टारक्लाउड या अमेरिकन कंपनीचा लहान उपग्रह एनव्हिडियाची एच-१०० ही चिप घेऊन अवकाशात गेला. त्याच महिन्यात गूगलने, सौरऊर्जेवर चालणारे संगणक अवकाशात ठेवण्याची आपली योजना जाहीर केली आणि २०२७ च्या सुरुवातीपर्यंत दोन प्रायोगिक उपग्रह पाठवण्याचा बेत सांगितला. उष्णतेची व्यवस्था हे पुढील आव्हानांपैकी एक आहे, असे त्यांनीही नमूद केले.

आपण हिशेब करून पाहू. एक हजार किलोवॅटचे संगणक केंद्र अवकाशात उभारायचे ठरवले. रेडिएटर ५७ अंशांवर ठेवला व तो आदर्श काळ्या पृष्ठभागाच्या ९० टक्के कार्यक्षम धरला, तर एका बाजूने प्रत्येक चौरस मीटरमागे सुमारे ६०० वॅट बाहेर पडतील. दोन्ही बाजूंनी मिळून १२००. म्हणजे सुमारे ८३० चौरस मीटरचा पत्रा हवा. पुरुषांच्या कबड्डीचे मैदान १३ बाय १० मीटरचे असते. अशी सहा-सात मैदाने भरतील एवढा पत्रा घडी करून अवकाशात न्यायचा, तिथे उलगडायचा आणि सतत उन्हापासून वळवून धरायचा. यात सूर्य व पृथ्वी यांच्याकडून येणारी उष्णता मी धरलेलीच नाही. ती धरली तर पत्रा आणखी वाढेल. हे अशक्य आहे असे मी म्हणणार नाही. पण "अवकाश थंड आहे, म्हणून थंड ठेवणे फुकटात होईल" असे कोणी म्हणाले, तर आता आपण त्याला हा हिशेब दाखवू शकतो.

समारोप

तथागतांनी केसपुत्त येथील कालामांना जो उपदेश केला तो आपण व्याख्यानांत वारंवार ऐकतो. ऐकीव आहे, परंपरेने आले आहे, सांगणारा मोठा आहे, एवढ्यावरून काही स्वीकारू नका, असा त्याचा आशय आहे. त्या रविवारी सांगणारा मोठा मी होतो, आणि त्या उपदेशाप्रमाणे वागली ती नववीतली मुलगी. तिने घरातल्या थर्मासचा अनुभव माझ्या शब्दाशेजारी ठेवून पाहिला.

इथे एक सावधगिरीची सूचना. बुद्धांनी अवकाशविज्ञान आधीच सांगून ठेवले होते, असे कोणी म्हणू नये. अशी विधाने इतर लोक आपापल्या ग्रंथांबद्दल करतात तेव्हा आपण हसतो. बुद्धांनी दिली ती दृष्टी : प्रत्येक गोष्ट कारणांमुळे घडते, कारण शोधले तर उपाय सापडतो. चिप तापण्याला कारण आहे, उष्णता अडकण्याला कारण आहे आणि ती बाहेर काढण्याला मार्ग आहे. तो मार्ग ज्यांनी शोधला त्यांनी आकडे मांडले, चुकले, पुन्हा मांडले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन करून महाविद्यालयांची दारे उघडली, ती आपल्या मुलांनी केवळ पदवीचा कागद मिळवावा एवढ्यासाठी खासच नव्हे.

पालकांना व कार्यकर्त्यांना माझी विनंती आहे. मुलाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर येत नसेल तर "येत नाही, शोधू या" असे म्हणावे. त्याने आपला मान कमी होत नाही. "खाली बस" या दोन शब्दांनी मात्र एका मुलाचा विज्ञानाशी संबंध तुटू शकतो.

विद्यार्थ्यांसाठी घरी करण्याजोगा एक प्रयोग देतो. एकसारखे दोन पत्र्याचे डबे घ्या. एकाला बाहेरून काजळी किंवा काळा रंग लावा, दुसरा चकचकीत ठेवा. मोठ्यांच्या देखरेखीखाली दोन्हींत सारखेच गरम पाणी भरा, झाकणे लावा व वारा नसलेल्या जागी लाकडी पाटावर ठेवा. दर पाच मिनिटांनी तापमान मोजून वहीत लिहा. कोणता डबा आधी गार होतो? अंतराळयानाच्या रेडिएटरला चकचकीत पत्रा तसाच का ठेवत नाहीत? आणि थर्मासच्या भिंतीला मात्र चकचकीत मुलामा का देतात? उत्तरे अभ्यासिकेत घेऊन या. माझ्या उत्तराशी ती जुळली नाहीत तर डबे पुन्हा भरू आणि पुन्हा मोजू.

जय भीम!